डीपी, टाकी आणि गच्ची

रब्बीचा हंगाम, गव्हाला पाणी द्यायची पाळी आणि डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळालेलं. शेती करणाऱ्या कुणालाही या परिस्थितीचं वर्णन करून सांगावं लागत नाही. डीपी जळाला की दोष कधी नशिबाला जातो, कधी कुणी तारेवर टाकलेल्या वीजचोरीच्या आकड्याला. पण पुष्कळदा डीपी जळण्याचं कारण त्याच्यावरच्या मोटरींच्या पेट्यांमध्येच असतं, आणि ते दूर करणं त्या पंधरा-वीस शेतकऱ्यांच्या हातात असतं. मात्र सगळ्यांनी मिळून केलं तरच.

हिशोब करून पाहू. डीपी १०० केव्हीएचा आहे आणि त्यावर ५ एचपीच्या २० मोटरी आहेत असं धरा. कपॅसिटर नसलेली अशी मोटर पूर्ण भरावर चालताना डीपीवर साधारण ६ केव्हीएचा भार टाकते. वीसही मोटरी एकदम चालल्या की झाले १२० केव्हीए. डीपी तापणारच. या भाराचा काही भाग पाणी उपसण्याच्या कामी येतच नाही. मोटरीत चुंबकीय क्षेत्र तयार होण्यासाठी जो प्रवाह लागतो, तो तारांमधून नुसता ये-जा करत राहतो आणि तारा, डीपी, मोटर सगळंच तापवतो. मोटरीजवळ २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला की हा प्रवाह तिथल्या तिथे मिळतो आणि मोटरीमागचा भार ५ केव्हीएच्या जरा खाली येतो. वीस मोटरींचा मिळून सुमारे ९८. डीपी तोच, मोटरी त्याच, पाणीही तेवढंच. आता हाच कपॅसिटर एकट्याने बसवला तर? १२० चे ११९ होतात. डीपी जळायचा तो जळतोच, आणि ज्याने पैसे घातले तो गावभर सांगतो की कपॅसिटरचा काही उपयोग नाही.

ऑटोस्विचचंही तसंच. रात्री-अपरात्री रानात जायला नको म्हणून ते बसवले जातात, आणि ही अडचण खरी आहे. साप, बिबट्या, थंडी यांचा सामना ज्याला करावा लागतो त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण वीज आल्याच्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. हा दणका डीपीला सोसत नाही. उपाय एकत्र बसून ठरवण्याचाच आहे: डीपीवरच्या मोटरींचे चार गट करा आणि प्रत्येक गटाने ऑटोस्विचसोबत वेगवेगळ्या वेळेचा टायमर लावा, म्हणजे दोन-दोन मिनिटांच्या अंतराने मोटरी सुरू होतील.

हे काम करायचं तर बैठक ग्रामपंचायतीत न घेता डीपीखालीच घ्या. त्या डीपीवर कोणाची किती एचपीची मोटर आहे, कपॅसिटर आहे का, असला तर चालू आहे का, एवढी यादी एका सकाळी होते. ३ एचपीला १, ५ एचपीला २ आणि साडेसात एचपीला ३ केव्हीएआर हे माप साधारणपणे लागतं. सगळ्यांनी मिळून एकाच दुकानातून घेतले तर भाव उतरतो आणि एकाच वायरमनकडून बसवून घेता येतात. बसवण्याआधी आणि नंतर टाँग टेस्टर लावून अँपिअर मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे सगळ्यांदेखत वहीत लिहा. काटा उतरलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की पुढच्या डीपीवरच्या लोकांना भाषण द्यावं लागत नाही. कपॅसिटर कायमचे टिकत नाहीत, म्हणून रब्बीच्या तोंडावर दर वर्षी पुन्हा मोजणी. त्याच फेरीत फूटव्हॉल्व्ह आणि पाइपही पाहून घ्या. अडखळणारा फूटव्हॉल्व्ह आणि अरुंद पाइप मोटरीला विनाकारण राबवतात.

एवढ्या तपशिलात शिरण्याचं कारण आहे. वीज वाचवा म्हटलं की आपल्याला घरातला दिवा आठवतो. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा, एसी २४ वर ठेवा, हे सगळं बरोबरच आहे. एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण घरातली वीज वाचवायला घरातला एक शहाणा माणूस पुरतो. जी वीज सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूंमध्ये खर्च होते, तिचा शहाणा माणूस कोण? डीपी, पाणीपुरवठ्याची मोटर, रस्त्यावरचे दिवे, सोसायटीची टाकी, जिना, लिफ्ट, गच्ची. इथे बटण सगळ्यांचं असतं, म्हणून कुणाचंच नसतं. मिळून करायचं काम इथूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे, कारण इथे एकट्याचा निश्चय कितीही पक्का असला तरी पुरत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव नाही असंही नाही. २००५ च्या सुमारास राज्यात विजेचा तुटवडा तीव्र होता आणि खेड्यांत संध्याकाळी भारनियमन होत असे. त्या काळात महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. गावाने ग्रामसभेत ठराव करायचा, संध्याकाळच्या जास्त मागणीच्या वेळेत शेतीपंप, पिठाची गिरणी, शेगड्या चालवायच्या नाहीत, आकडे काढून टाकायचे. त्या बदल्यात गावाला दिवे, पंखे, टीव्हीपुरती वीज संध्याकाळभर मिळणार. शब्द पाळायचा तो गावाने. एकाने चोरून मोटर चालवली तर सगळ्यांच्या घरात अंधार होणार, म्हणून लक्ष ठेवणारेही गावातलेच. अनेक गावांनी तो शब्द पाळला आणि मुलांना दिव्याखाली अभ्यास करता आला. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले आणि हा प्रश्न तांत्रिक मार्गाने सुटला. पण तंत्र येण्याआधी नुसत्या ठरावावर काम झालं होतं, हे विसरू नये. त्या ठरावाला बळ होतं ते दोन गोष्टींचं: बदल्यात काय मिळणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि पाळलं की नाही हे त्याच संध्याकाळी दिसत होतं. कुठलाही सामूहिक उपक्रम आखताना या दोन्ही गोष्टी आहेत का, ते आधी तपासा. ‘पर्यावरणासाठी’ एवढंच कारण दिलं तर पहिल्या आठवड्यात सगळे येतात आणि तिसऱ्या आठवड्यात सेक्रेटरी एकटा उरतो.

टाकी भरते तेव्हा

शहरात डीपीच्या जागी सोसायटीचा कॉमन मीटर येतो. कॉमन मीटरचं बिल कोण वाचतं? बहुतेक ठिकाणी खजिनदार रक्कम पाहतो, चेक लिहितो आणि बिल फाइलला लावतो. महाराष्ट्रात या मीटरला घरगुती दरच लागतो, पण घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि सगळी इमारत एकाच मीटरवर असल्यामुळे बहुतेक युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात जातात. घरी वाचवलेल्या युनिटपेक्षा इथे वाचवलेलं युनिट पुष्कळदा जास्त पैसे वाचवतं. म्हणून पहिलं काम असं: गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, प्रत्येक महिन्याचे युनिट (रुपये नव्हेत) एका कागदावर लिहा आणि तो कागद लिफ्टशेजारी लावा. दर बदलत राहतात. कामाचा हिशोब युनिटमध्येच कळतो.

दुसरं काम वॉचमनकाकांशी बोलण्याचं. पंप त्यांच्या हातात असतो. टाकी किती वाजता भरतात, किती वेळ लागतो, पूर्वी इतकाच लागायचा का, वरून पाणी वाहून जातं तेव्हा कोण ओरडतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पंपाच्या खोलीत त्यांच्याबरोबर उभं राहून एकदा टाकी भरताना पाहा. मीटरचं सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन घ्या, टाकीत किती लिटर चढलं ते मोजा.

आता त्या आकड्याची पारख कशी करायची ते सांगतो. १,००० लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशोबाने ०.०८ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून निम्मी वीज तरी वाया जाणारच, म्हणून ०.१६ ते ०.२० युनिट खर्च झाला तर पंप ठीक चालला आहे. १०० घरांची इमारत, घरात चार माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ५४,००० लिटर. चांगल्या पंपाला दिवसाला दहा-अकरा युनिट पुरतात. तुमच्याकडे वीस लागत असतील तर पंप जुना झाला आहे, गरजेपेक्षा मोठा घेतला आहे, नाहीतर पाइपात किंवा व्हॉल्व्हमध्ये अडथळा आहे. एकदा तज्ज्ञ बोलवायला एवढा पुरावा पुरे. आणि पाण्याचा वापरच घटला तर पंपही कमी चालतो, महापालिकेचाही. छत्रपती संभाजीनगरच्या नळात येणारं पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून उपसून आणलेलं असतं. तिथला गळका नळ म्हणजे विजेचीही गळती आहे. टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवणं हा तर सगळ्यात स्वस्त उपाय.

पंप कधी चालवायचा, हेही महत्त्वाचं. दिवसा सौर वीज मुबलक असते, सूर्य मावळला की ती थांबते आणि नेमकी तेव्हाच घराघरांत मागणी चढते. ही संध्याकाळची मागणी कोयनेसारखी जलविद्युत केंद्रं आणि मुख्यतः कोळसा यांच्या बळावर भागते. टाकी संध्याकाळी सातऐवजी दुपारी एकला भरली तर युनिट तेवढेच लागतात, पण कोळसा कमी लागतो. वेळेनुसार दर लावणारे टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर दरात सवलतही मिळते. आपल्या बिलावर ती दिसते का ते पाहा. गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री यांनाही हाच नियम लावता येतो, जिथे घरच्या वेळापत्रकात बसेल तिथे. नोकरीहून साडेसातला येणाऱ्या बाईंनी कपडे दुपारी धुवावेत असा फतवा मात्र कुणी काढू नये.

कोळशाबद्दल थोडं मनापासून सांगायचं आहे. कोळशावर बनलेल्या एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो, आणि आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण फार असतं. ती राख आपल्या जिन्यात पडत नाही. ती चंद्रपूरच्या आणि कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या गावांत, शेतांत, अंगणातल्या वाळवणांवर पडते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या खसाळा राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचा लोंढा शेतांत आणि नदीत शिरला. औष्णिक वीज केंद्रांना पाणीही अफाट लागतं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पुण्यातल्या एखाद्या पार्किंगमध्ये रात्रभर माणसावाचून जळणाऱ्या ट्यूब आणि त्या गावांतल्या लोकांचा खोकला यांच्यात तारांचं जाळं आहे, पण संबंध सरळ आहे. मला स्वतःला वीज वाचवण्याचं सगळ्यात मोठं कारण हे वाटतं, बिल त्यानंतर येतं.

त्या ट्यूबचं करायचं काय? जिने, लँडिंग आणि पार्किंग मिळून ४० जुन्या ट्यूब असतील, तर चोकसह प्रत्येकी सुमारे ५५ वॉट, रात्रीचे बारा तास, म्हणजे रोज २६ युनिट. २० वॉटच्या एलईडी पट्ट्या लावल्या तर साडेनऊ. हालचाल टिपणारे सेन्सर बसवले तर त्याहूनही कितीतरी कमी. इथे एक गोष्ट बजावून सांगतो: दिवे काढून टाकू नका आणि जिना पूर्ण काळोखात ठेवू नका. ज्येष्ठ माणसं, रात्रपाळीहून येणाऱ्या मुली यांना अंधाराची भीती वाटली, तर त्यांचा विरोध रास्त आहे. कुणी नसताना मंद राहणारे आणि चाहूल लागताच पूर्ण उजळणारे दिवे मिळतात, ते घ्या. लिफ्टच्या बाबतीत, पिंजऱ्यातला दिवा आणि पंखा रिकाम्या वेळी आपोआप बंद होतो का ते मेकॅनिककडून तपासून घ्या. दोन लिफ्ट शेजारी असतील तर त्या जोडलेल्या आहेत का ते विचारा. नसल्या तर माणूस दोन्ही बटणं दाबतो, दोन्ही लिफ्ट येतात आणि एक रिकामीच परत जाते.

घरांतल्या खर्चालाही सामूहिक खरेदीची जोड द्या. मोठ्या खरेदीने भाव कसा पडतो हे देशाने एलईडी बल्बच्या वेळी पाहिलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेसाठी सरकारी कंपनीने एकगठ्ठा बल्ब घ्यायला सुरुवात केली आणि सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. सोसायटीची ताकद तेवढी नाही, पण ६० घरांचे दीडशे पंखे म्हटल्यावर कुठलाही विक्रेता चहा पाजून बोलतो. जुना छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. आपल्याकडे पंखा वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, त्यामुळे त्याची किंमत वसूल व्हायला फार काळ लागत नाही.

गच्ची शेवटी

सौर पॅनेल हा सगळ्यांच्या आवडीचा विषय, म्हणून सभेत तो पहिला निघतो. तो मुद्दाम शेवटी ठेवा. महिन्याला २,००० युनिट जाळणाऱ्या सोसायटीला तेवढी वीज गच्चीवर करायला १७ किलोवॉटचा संच लागेल. पंप आणि दिवे सुधारून वापर १,२०० वर आणला तर १० किलोवॉट पुरतो, कारण महाराष्ट्रात एक किलोवॉट वर्षभराच्या सरासरीने रोज साधारण चार युनिट देतो. किलोवॉटमागे शंभर चौरस फूट धरले तर सातशे चौरस फूट गच्ची आणि काही लाख रुपये वाचले. शिवाय त्या ८०० युनिटांमुळे वर्षाला साडेसहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा राहतो, पॅनेल बसवण्याआधीच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, गाड्यांचं चार्जिंग त्यात धरलं जातं. त्यासाठी देशात बनलेल्या सेलचे पॅनेल आणि नोंदणीकृत विक्रेता लागतो. करार करताना चार गोष्टी लेखी घ्या. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार का, आणि गळती झाली तर जबाबदार कोण? टाकी आणि लिफ्टच्या खोलीची सावली हिवाळ्यात कुठवर येते, हे मोजलं का? पॅनेल धुण्यासाठी नळ कुठे देणार? पहिल्या पाच वर्षांची देखभाल किमतीत धरली आहे का? आणि सभासदांना आधीच सांगा की नेट मीटरिंगचा साधा संच बाहेरची वीज गेली की बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती सोय असते. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच खंडित पुरवठ्याला ‘सोलर असून लिफ्ट बंद’ म्हणून भांडण होतं. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्यांची जागा राखून ठेवा; त्यांचा पाठिंबाही मोलाचा आहे.

खेड्यांत हाच मार्ग आता गावाच्या पातळीवर निघाला आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली: घरं, रस्त्यावरचे दिवे, पाणीपुरवठा, सगळं सौर विजेवर. छोट्या ग्रामपंचायतींना माझा सल्ला पाण्याच्या मोटरीपासून सुरुवात करण्याचा आहे. या मोटरीचं बिल थकतं, जोडणी तुटते आणि बायांना पुन्हा हंडा घेऊन विहिरीवर जावं लागतं. दिवसा सूर्यावर टाकी भरली तर हे संकट टळतं. दिवसाढवळ्या जळणारे पथदिवे हा दुसरा विषय. तिथे टायमर लावायला ग्रामनिधीतली किरकोळ रक्कम पुरते.

ठराव

सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी काढावी लागते. म्हणजे बिलं गोळा करणं, पंपाची मोजणी आणि दिव्यांची गणना ऑगस्टमध्येच उरकायला हवी. ग्रामसभेसाठी १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ठरलेले दिवस आहेत. विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात टाकू नका. तिथे लोक उठून चाललेले असतात. विषयपत्रिकेवर तो हिशोबाच्या लगेच नंतर घ्या, म्हणजे वीजबिलाचा आकडा कानात ताजा असेल.

आधी विरोध करणाऱ्यांच्या घरी जा. तळमजल्यावरचे म्हणतील, लिफ्ट आम्ही वापरत नाही. भाडेकरूंना वाटेल, फायदा मालकाला. दोघांनाही मेंटेनन्सच्या पावतीत काय फरक पडेल ते रुपयांत दाखवा. वाचलेले पैसे कुठे जाणार हे ठरावातच लिहा. माझ्या मते पहिल्या वर्षीची निम्मी बचत पुढच्या सुधारणेसाठी बाजूला ठेवावी आणि त्यातला थोडा हिस्सा पंप सांभाळणाऱ्या वॉचमनकाकांना आणि सफाई करणाऱ्या मावशींना द्यावा.

ठरावाचा मसुदा असा चालेल: ‘संस्थेच्या सामायिक वीजवापराचे गेल्या बारा महिन्यांचे युनिट सभेपुढे ठेवण्यात आले. जिने व पार्किंगमधील दिवे बदलणे, पंपाची तपासणी करणे व टाकीस लेव्हल कंट्रोलर बसवणे या कामांस दुरुस्ती निधीतून अमुक रकमेपर्यंत मंजुरी देण्यात येत आहे. कामे ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण करण्याची जबाबदारी तीन सभासदांच्या उपसमितीवर राहील. उपसमिती दरमहा मीटरवाचन सूचनाफलकावर लावील. सौर संचाचा प्रस्ताव सहा महिन्यांच्या नोंदी पाहून विशेष सभेत ठेवण्यात येईल.’ रक्कम, तारीख आणि तिघांची नावं कोरी सोडू नका. तिघांपैकी एक जण शक्यतो तरुण असावा आणि एक जण दिवसा घरी असणारा, कारण मेकॅनिक येतो तो सकाळी अकरालाच.